ब्रिजिड कुणाची, एकवीरा कुणाची

आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय: कार्ल्याची एकवीरा मुळात कुणाची? कोळ्यांची, आपली सीकेपींची, की बौद्ध लेण्याच्या दारात नंतर येऊन बसलेली? मी दोन ओळी लिहिल्या, तर चुलतभावाने सुनावलं, ‘तू आयर्लंडला बस, इथलं आम्ही बघतो.’ ते फार लागलं.

मी आयर्लंडमधल्या किलडेअरला राहते. १ फेब्रुवारी हा संत ब्रिजिडचा दिवस. पाचव्या शतकात तिने इथे मठ काढला असं मानतात. पण सुमारे हजारएक वर्षांपूर्वीच्या कॉरमॅकच्या जुन्या आयरिश शब्दकोशात ब्रिजिड ही देवी आहे, दाग्दा या देवाची लेक, कवी जिला भजत ती. बहिणी दोन, एक वैद्यकीची, एक लोहारकामाची. सण पडतो तोही इंबोल्कला, वसंताच्या जुन्या सणाच्या दिवशी. संत ब्रिजिड नावाची बाई झालीच नाही म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण त्यावरून इथे कुणी कुणाला हाकलत नाही. ब्रिजिडच्या नावाची किलडेअरची ज्योत १९९३ साली पुन्हा पेटवली ती नन्सनी, आणि तिच्यापुढे देवी मानणारेही येऊन उभे राहतात. २०२३ पासून तर तिच्या नावाची सरकारी सुट्टी आहे. आपल्याकडे एवढ्यात दोन मोर्चे निघाले असते!

सणाच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये लव्हाळ्यांचे भारे येतात. लव्हाळा कापायचा नाही, उपटायचा. एक उभा धरायचा, दुसरा त्यावर दुमडायचा, पाव वळसा देऊन पुढचा. मधे घट्ट चौकोन विणला जातो आणि चार हात बाहेर येतात. त्यांची टोकं दोऱ्याने बांधायची. बोटांना चिखलाचा वास राहतो. हा क्रूस दारावर लावला की घराला आग लागत नाही म्हणतात. रात्री बाहेर फडकं टांगायचं. ब्रिजिड जाता जाता त्याला हात लावते, मग डोकं दुखलं की तेच बांधायचं. शेजारच्या आजींनी माझ्या हातात लव्हाळे दिले, धर्म विचारला नाही.

पण खरं सांगू? मला इथे कुणी हटकत नाही, कारण मी कशावर हक्कच सांगत नाही. भांडण्याइतका हक्क माझा कार्ल्यावरच आहे, आणि तोच काढून घेतला तर मी कुठलीच राहत नाही.

चैत्रात येतेय. पायऱ्या चढून आईची ओटी भरणार, मग शेजारच्या चैत्यात जाऊन बसणार. ज्याला अडवायचंय त्याने समोर येऊन अडवावं.