कटकट ऐकू येत नाही, म्हणून सुखी?

फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. उतारवयात ऐकू कमी येणं हे म्हणे देवाचं वरदान. कटकट कानावर पडत नाही, मन शांत राहतं. शिवाय म्हाताऱ्यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. मशीन लावू नये, कान आळशी होतात. वयाचं आहे, डॉक्टरला दाखवायचं काय? खाली हात जोडलेले इमोजी.

आधी 'सोयीचं तेवढं' घेऊ, कारण जिव्हारी लागतं ते हेच. वयोमानाने आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स्वर टिकतात; स, श, थ, फ अशी व्यंजनं निसटतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'सात' की 'साठ' की 'आठ', हे अंदाजाने ठरवायचं. समोर बसलेल्या मुलाचा जाड आवाज समजतो. ओट्याकडे तोंड करून, कुकरच्या शिट्टीत बोलणाऱ्या सुनेचा नाही. तिला वाटतं, माझंच बरं ऐकू येत नाही! झालं, भांडणाला सुरुवात. बँकेचं मात्र आजोबांना बरोबर ऐकू येतं, कारण विषय माहितीचा, खोलीत एकच माणूस आणि टीव्ही बंद. रात्री तेच आजोबा चुकतात, कारण दिवसभर गाळलेल्या जागा भरून डोकं शिणलेलं असतं. आणि ओरडून फायदा नाही. ओरडण्याने शब्द आणखी फाटतात, वर सगळ्या सोसायटीला कळतं.

'मन शांत राहतं.' कुणाचं? घरच्यांचं असेल. जेवताना विनोद होतो, सगळे हसतात, आजी क्षणभर उशिरा हसतात. 'काय म्हणालास?' असं दोनदा विचारलं की उत्तर येतं, 'जाऊ दे, काही नाही.' पुढच्या वेळी त्या विचारतच नाहीत. मग भिशी सुटते, भजनी मंडळ सुटतं, फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात दिला जातो. त्यात अनेकांच्या कानात सतत गुणगुण चालू असते, म्हणजे तीही शांतता नाही. संगीतकार बेथोव्हेनने १८०२ मध्ये भावांना लिहिलेल्या आणि कधीच न पाठवलेल्या पत्रात हेच दुखणं आहे: 'मोठ्याने बोला, मी बहिरा आहे' असं लोकांना सांगवत नाही, म्हणून तो दूर राहतो आणि लोक त्याला माणूसघाणा समजतात. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

मशीनने कान आळशी होत नाही. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला नव्याने ओळखावे लागतात, म्हणून पहिले काही आठवडे भांडी, पंखा, वर्तमानपत्राची घडी, सगळंच खुपतं आणि मशीन कपाटात जातं. तपासणीच्या आलेखाप्रमाणे सेटिंग करून घ्यायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. मात्र 'मशीन लावा, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळेल' हा उलटा मेसेजही तसाच पुढे ढकलू नका. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाललेल्या 'अचीव्ह' चाचणीत (२०२३) मशीनमुळे स्मरण-विचारशक्तीच्या घसरणीत सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना या घसरणीचा आधीच धोका जास्त होता, त्यांची घसरण मात्र जवळपास निम्म्याने मंदावली.

राहिलं 'वयाचं आहे'. कधी कानात नुसता मळ असतो, काही मिनिटांत निघतो. पण एखाद्या सकाळी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ते वय नव्हे. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. औषधाचा उपयोग होतो तो सुरुवातीच्या दिवसांतच.