अॅव्हरेज मोजायचं नाही म्हणजे नाही

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि त्याने अॅव्हरेज पडतं हे कळल्यापासून तुम्हाला चैन पडत नाहीये ना, मग सगळ्यात आधी ती टाकी फुल टू टाकी फुल अॅव्हरेज काढायची सवय सोडा. टाकी भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, परत भरायची आणि भागाकार मारायचा, असले उद्योग करणारा माणूस आजवर कधी सुखी झालाय का? डॅशबोर्डवर जो आकडा दिसतो तो गोड मानून घ्या, तो बिचारा तसाही थोडा वाढवूनच सांगतो बऱ्याच गाड्यांमध्ये.

दुसरं, लिटर म्हणजे लिटर. याच्या खोलात जायचं नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास, म्हणजे तब्बल एक तृतीयांश कमी, कारण इथेनॉलच्या वजनातला जवळजवळ ३५ टक्के भाग ऑक्सिजनच असतो आणि तो काही जळून ऊर्जा देत नाही, नुसता विनातिकीट बसून येतो. पण पंपावरचे आकडे लिटरचे फिरतात, मेगाज्यूलचे नाही, मग तुम्हालाच कशाला पडलंय!

आणि तरी हात शिवशिवलेच तर निदान निकालाची तयारी ठेवा. १० टक्के मिश्रणाला ३ टक्क्यांच्या आसपास घट, २० टक्क्यांना ६-७, आणि ८५ टक्केवाल्याला जवळपास पाव हिस्सा गायब. म्हणजे ४० लिटरच्या टाकीत ८०० किलोमीटर जाणारी गाडी २० टक्केवाल्यावर ७५० च्या आगेमागे थांबणार. ते ५० किलोमीटर कुठे गेले असं विचारायचं नाही. टायरमधली हवा, एसी, समोरचा वारा आणि तुमचा उजवा पाय, हे चार आरोपी कायम हाताशी असू द्या, कुणीही विचारलं की एकाला पुढे करायचं. गंमत म्हणजे हे चौघं खरंच ३ टक्क्यांपेक्षा जास्त खातात, त्यामुळे १० टक्केवाल्याची चोरी एका टाकीत कधी पकडलीच जात नाही, नोझल कुठे कट झालं एवढ्यानेही आकडा तेवढा हलतो.

तुम्ही दुसऱ्या पार्टीतले, म्हणजे सगळं खापर इथेनॉलवर फोडणारे असाल तर तुमच्यासाठी वेगळा सल्ला. बिनधास्त सांगत सुटा की अॅव्हरेज निम्म्यावर आलं. आता नुसतं शंभर टक्के इथेनॉल ओतलं तरी ऊर्जा एक तृतीयांशच कमी होते, मग २० टक्क्यांत निम्मं कसं काय झालं असं विचारणारा एखादा भेटेल, त्याला विकला गेलेला म्हणायचं, विषय संपला. पंक्चर, क्लच प्लेट, काचेवर आलेला चरा, सगळं इथेनॉलच्या नावावर टाका.

ऑक्टेनचं मात्र तोंड भरून कौतुक करा. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, साध्या पेट्रोलचा ९१ ते ९५, म्हणजे गाडी रॉकेट होणार! ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, दाबाखाली इंधन आपोआप भडकू नये याची क्षमता, आणि तिचा फायदा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब जास्त असलेल्या किंवा इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ स्वतः अलीकडे आणू शकणाऱ्या इंजिनालाच मिळतो, गेलेल्यातलं थोडंफार परत येतं ते तिथेच, ही माहिती ज्याच्याकडे आहे त्याला पार्टीला बोलवू नका. ब्राझीलचं उदाहरणही द्या, ते १९७५ पासून या कामाला लागलेत, फक्त त्यांची इंजिनं आणि पाइप त्या हिशोबाने बनतात एवढं वाक्य गाळा.

आता इंजिन. गाडी नवी, इंजेक्शनवाली असेल तर तुम्हाला करण्यासारखं काहीच नाही, कंटाळवाणं प्रकरण आहे, धुरातला ऑक्सिजन सेन्सर बघतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जरा जास्त इंधन सोडतो, झालं. खरी मजा जुन्या कार्ब्युरेटरवाल्याची. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, आणि कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या जेटचं भोक तर तेवढंच, त्याला कुणी सांगायचं मिश्रण बदललंय म्हणून? मग इंजिन लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी असं चालतं, गरम होतं, रेस दिली की अडखळतं. तुम्ही शांतपणे प्लग बदलत राहा.

टाकीच्या झाकणाच्या आतला ई१०, ई२० असा किती टक्के इथेनॉल चालेल ते सांगणारा स्टिकर वाचू नका, मॅन्युअल तर अजिबात उघडू नका. जुने रबरी पाइप, ओ-रिंग, गॅस्केट फुगले किंवा चिरले तर ते त्यांच्या वयाने गेले. आणि इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून घालतो, त्याला फुकटची सर्व्हिसिंग समजा.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी चार-सहा महिने अर्धी टाकी ठेवून उभी करा, दमट हवेत असेल तर उत्तमच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, १० टक्के मिश्रण जेमतेम अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं, त्यापुढे पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी जाऊन बसतात, वर राहतं कमी ऑक्टेनचं पेट्रोल, आणि टाकीतल्या इंधन पंपाचं तोंड कुठे असतं? तळाशीच. किती विचार करून केलेली रचना आहे बघा. माझ्या जुन्या स्कूटरची टाकी मेकॅनिकने काचेच्या बरणीत रिकामी केली तेव्हा दोन थर स्वच्छ दिसत होते, मी म्हटलं काय सुंदर आहे, तो म्हणाला कार्ब्युरेटर उघडतो मग सांगा.

हे सगळं सांगणारा मी स्वतः तीन महिने वहीत टाकी टू टाकी लिहीत बसलो होतो, कबूल. ६ टक्के भरले. एका मित्राला दाखवलं, त्याने वहीकडे बघितलं सुद्धा नाही, म्हणाला तुझा पाय जड आहे. दुसऱ्याला दाखवलं तर तो चिडला, फक्त सहाच? वही आता गाडीतच असते, काच पुसायला पानं बरी पडतात.