अंगावरचे मांडे

रोज सकाळी अंघोळ झाली की मी स्वतःला वाळत घालतो. याला दुसरा शब्दच नाही. लेकीचा हेअर ड्रायर घ्यायचा, बटण गार हवेवर ठेवायचं, डाव्या हातानं पोटाची घडी वर उचलून धरायची आणि उजव्या हातानं तिच्याखाली वारा सोडायचा. मग कमरेच्या दोन्ही बाजू, मग छाती, मग काखेपासून कोपरापर्यंत लोंबणारे दोन पडदे, शेवटी मांड्या. प्रत्येक घडी कोरडी झाली की तिथं पावडर. वीस मिनिटं जातात. लेक बाहेरून दार वाजवते, "बाबा, माझे केस ओले आहेत की!" मी आतून ओरडतो, "तुझे केस आपोआप वाळतील. माझ्या घडीत बुरशी येती!"

उन्हाळा कसाबसा निभावतो. पण बेळगावचा पावसाळा! जूनमध्ये आभाळ एकदा खाली उतरलं की दोरीवरचा टॉवेल चार चार दिवस ओलाच, भिंतींना ओल, कपाटातल्या चामडी चपला हिरव्यागार. त्या चपलेत आणि माझ्यात तेव्हा फार फरक राहत नाही. दोघांनाही चामडं, दोघांनाही बुरशी. चपलेला निदान आई उन्हात नेऊन ठेवते.

दोन वर्षांपूर्वी मी १३८ किलोचा होतो. उंची पाच फूट सहा इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४९. शुगर होती, बीपी होतं, रात्री घोरताना मधेच श्वास थांबायचा आणि बायको उठून कोपरानं ढोसून तो परत सुरू करायची. गणपत गल्लीत आमचं भांड्यांचं दुकान. गल्ल्यामागच्या खुर्चीत मी बसलो की उठताना खुर्चीही माझ्याबरोबर उठायची. शेवटी डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन करायला सांगितलं. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुर्बिणीतून आत शिरून जठराचा पाऊण हिस्सा, किंवा त्याहून थोडा जास्तच, कापून काढतात. उरतं ते केळ्याएवढं नळकांडं. दोन आठवडे पातळ, मग मऊ, मग हळूहळू घरचं जेवण, तेही वाटीभर. जेवताना पाणी प्यायचं नाही. आधी डाळ, अंडं, पनीर संपवायचं, जागा उरली तर भात. जागा उरत नाही. तिसऱ्या महिन्यात मूठमूठ केस गळले, सहाव्या महिन्यात थांबले. एकदा लोभानं दोन चमचे कुंदा, आमची खव्याची मिठाई, खाल्ला तर दरदरून घाम फुटला, छाती धडधडली आणि तासभर आडवा पडून राहिलो. बेळगावात राहून कुंद्याशी वैर! पण दीड वर्षात काटा ७७ वर आला. एकसष्ट किलो गेले. शुगरची गोळी सुटली, बीपीची अर्धी झाली, घोरणं थांबलं. बायको म्हणते, आता शांततेनं झोप लागत नाही.

एकसष्ट किलो गेले खरे, पण जाताना पिशवी इथंच ठेवून गेले.

आधी मला वाटलं, आवळेल हळूहळू. आईलाही तसंच वाटलं. तिनं तिळाचं तेल कोमट करून दिलं. तालमीतल्या जुन्या दोस्तानं सांगितलं, "दंडबैठका मार की, चामडं आपोआप बसतंय जागेवर." सहा महिने तेल जिरवलं, बैठका मारल्या. दंडात गोळा आला हे खरं, पण चामडं त्या गोळ्याखाली पूर्वीसारखंच लोंबत राहिलं. तेलानं फक्त चादरी खराब झाल्या. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, कातडीत कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात, त्यामुळं ती ताणून परत आवळते. वीस-पंचवीस वर्षं ताणून धरली की ते धागे तुटतात. त्यात वय पन्नाशीचं. विशीतल्या पोराचं काही प्रमाणात आवळतं, तुमचं फारसं आवळणार नाही. क्रीम लावा, तेल लावा, पैसे तुमचे.

हेच मला शहापुरातल्या आमच्या टेलरमामांनी जास्त नीट समजावलं होतं.

गेली तीस वर्षं माझ्या पँटी तेच शिवतात. पूर्वी माप घेताना ते टेपचं एक टोक माझ्या हातात द्यायचे, दुसरं घेऊन मागून फिरून यायचे आणि वाटेत घरची खुशाली विचारायचे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा गेलो, शर्ट वर केला आणि त्यांनी टेप लावला. सुरकुतलेली घडी टेपवरून खाली घसरली. टेप आत गायब. ते टेप शोधायला लागले.

"माप कुठलं घेऊ?" त्यांनी विचारलं. "घडीच्या वर चौतीस येतंय. घडी धरून बेचाळीस. घडीच्या खाली परत छत्तीस."

"घडी आत घालायची आहे, मामा. पँटीत."

"म्हणजे कापडाच्या आत कापड." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि व्यावसायिक कुतूहलानं माझं पोट दोन बोटांत धरून बघितलं, गिऱ्हाइकानं आणलेल्या कापडाचा पोत बघावा तसं. "ऑपरेशन काय केलं म्हणालास?"

"स्लीव्ह."

"बाही?"

"तेच. आतलं पोट कापून बाहीसारखं शिवतात."

"आणि वरचं कापड?"

"वरचं तसंच."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अस्तर चार इंच आत घेतलं आणि वरचा कोट होता तसा ठेवला. असं ऑल्टरेशन मी करून दिलं असतं तर गिऱ्हाइकानं माझ्या तोंडावर फेकलं असतं. आणि हे बघ, इलॅस्टिक एकदा मेलं की कापड कितीही धुवा, परत आवळत नाही. कापावंच लागतंय." त्यांनी मला उंच कमरेच्या, पुढं दोन चुण्यांच्या पँटी शिवून दिल्या. आता दर पँट चढवताना मी पोट हातांनी गोळा करतो, खाली दुमडतो, दाबून आत बसवतो आणि ते निसटायच्या आत हुक लावतो. वळकटी बांधण्यातला आणि पँट घालण्यातला फरक माझ्यापुरता मिटला आहे.

जिना उतरताना पोट एक पायरी मागून येतं. एका कुशीवर झोपलो की ते शेजारी वेगळं झोपतं. पहिल्या दिवशी मी अंधारात त्याला उशी समजून बाजूला सारायला गेलो होतो.

लोकांचं तर विचारूच नका. जाडा होतो तेव्हा कुणी माझ्या तब्येतीची चौकशी करत नव्हतं, कारण ती दिसतच होती. आता गल्लीत दर दहा पावलांना कुणीतरी थांबवतं. "काय रे, किती बारीक झालाईस! शुगर वाढली काय?" "टीबी-बीबी नव्हे न्हवं?" एकानं माझ्याशी न बोलता बायकोला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस सांगितलेत. समोरच्या अक्का तेवढ्या मनापासून खूश झाल्या, "भाळ सण्ण आगीर्री!" म्हणाल्या, फारच बारीक झालात म्हणून, आणि लगेच माझ्या गालाकडे बघून हळूच पुढं, "आराम अदीरी?" बरे आहात ना? चेहरा ओघळला की माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. मध्यंतरी बसमध्ये कॉलेजच्या एका पोरीनं उठून मला जागा दिली. मी बसलो. आधी लाज वाटली, मग बरं वाटलं.

एके दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आमच्याकडे पितळ-तांब्याची भांडी वजनावर विकतात, मोडही वजनावर घेतो, म्हणून काउंटरवर चांगला मोठा काटा आहे. समोर काटा, कमरेला ही घडी, आणि दुपारचे अडीच. शर्टाची खालची बटणं काढली, जरा पुढं वाकलो आणि घडी उचलून काट्यावर ठेवली. तीन किलो शंभर. वाकल्यामुळं थोडं मागेपुढे धरा. आकडा दोनदा खात्री करून बघत असताना दारातून आवाज आला, "सर, एन तूगाकत्तीरी?"

काय तोलताय म्हणून विचारत होती. ओळखीची बाई, खेड्यातून आलेली, हातात पिशवी. काउंटर उंच असल्यामुळं तिला काटा दिसत होता, मालक दिसत होता, दोघांमधला संबंध दिसत नव्हता. मी घाईनं म्हणालो, "हळे सामान री." जुना माल. तिचे डोळे चमकले. जुन्यावर नवीन देता काय, तिनं विचारलं.

तोच तर माझा प्रश्न होता. तो घेऊन मी परत डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, ही कातडी काढता येते. पण आधी वजन एका जागी थांबू दे. ऑपरेशनपासून वर्ष-दीड वर्ष जाऊ दे, त्यातले निदान सहा महिने काटा हलता कामा नये, रक्तात प्रोटीन आणि लोह भरपूर पाहिजे. मग एका कुल्ल्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत आडवा छेद घेतात, जास्तीची कातडी कापतात, बेंबी उचलून नव्या जागी बसवतात, आणि काही आठवडे पट्टा बांधून वाकून चालायचं. दंडाचं ऑपरेशन वेगळं, मांड्यांचं वेगळं. खर्चाचा आकडा ऐकून मी बेंबी आहे तिथंच बरी असं ठरवत आणलं होतं.

तरी विमा होता. पहिल्या ऑपरेशनचे पैसे विम्यानं दिले होते, म्हणून मोठ्या आशेनं अर्ज केला, पुरळाचे फोटो जोडले. उत्तर आलं, हे सौंदर्यासाठीचं काम आहे, पॉलिसीत बसत नाही. चरबी होती तोवर तो आजार होता. तीच चरबी गेली आणि मागे ही झालर उरली, तर ते सौंदर्य! बावन्न वर्षांच्या आयुष्यात मला सौंदर्याच्या खात्यात कुणी टाकलं असेल तर ते या विम्याच्या बाबूनं. पत्र मी जपून ठेवलं आहे. बायकोला अधूनमधून वाचून दाखवतो.

हा मुलूख नेमका कुणाचा, हा प्रश्न आमच्या भागात जन्मलेल्या माणसाला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यातून या राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, आलो, १९६७ मध्ये सीमावादावरचा महाजन अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. आणि गल्लीतला प्रत्येक माणूस दोन भाषांत दोन्ही बाजू सांगू शकतो. माझं पोटही तसंच. फिजिशियन म्हणतात सर्जनचं काम, सर्जन म्हणतात प्लास्टिक सर्जनचं, ते म्हणतात कातडीच्या डॉक्टरांना पुरळ दाखवा, आणि विमा म्हणतो आमच्या हद्दीत नाही. ताबा तेवढा माझ्याकडे. जैसे थे.

परवा वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथ बघायला उभा होतो. रात्री बाराचा सुमार, ढोल-ताशा, अंगावर काटा. घोषणा झाली तसा मीही हात वर करून "हर हर महादेव!" ओरडलो. हात थांबला, पण दंडाखालचा पडदा थांबला नाही. तो पुढे तीन वेळा फटफट वाजला. शेजारचा पोरगा टाळ्या समजून वाजवायला लागला.

मे महिन्यात भाचीचं लग्न झालं, वडगावात. मी मामा. लग्नाच्या आदल्या दिवशी देवकार्याला उघड्या अंगानं पाटावर बसायचं होतं. चार दिवस झोप नव्हती. शेवटी उपरणं पुढून लपेटून बसलो. मधेच मेहुणीचा पाच वर्षांचा पोरगा येऊन माझ्यासमोर ओणवा झाला, उपरण्याखाली बघितलं आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, "काका, मांडीवर काय घेऊन बसलाईस?" भटजींनी मंत्र थांबवला.

तिथून सुटलो आणि मागच्या परसात गेलो. तिथं मांडे चालले होते. बेळगावात लग्न म्हटलं की मांडे आलेच. उंबऱ्याला टेकून मी बघत उभा राहिलो. करणाऱ्या आजी सत्तरीच्या असतील. पातळ मळलेल्या कणकेचा गोळा त्यांनी लाटला, मग दोन्ही हातांवर घेतला आणि मनगटं फिरवत फिरवत ताणायला लागल्या. गोळ्याची पोळी झाली, पोळीचं धोतर झालं, पार कोपरापर्यंत लोंबायला लागलं, एवढं पातळ की पलीकडची चूल दिसावी. मला पोटात कसंतरी झालं. पोटावर, म्हणजे.

आजींनी तो लोंबता मांडा उपड्या कढईवर टाकला. क्षणात भाजला. वरून तूप, आणि पिठीसाखर पेरून गरम असतानाच भराभर चौकोनी घडी. गार झाला की मोडतो, म्हणून घाई. दुसरा ताणायला त्यांनी हात वर केले, तेव्हा पदर खांद्यावरून सरकला. त्यांच्या दंडाखाली माझ्यासारखाच पडदा होता. मनगट फिरलं की तोही फिरत होता, इकडून तिकडे, मांड्याच्या तालात, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"बघत काय थांबलाईस?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "रिकामा आहेस तर साखर पेर की. हात लांब कर, कढई गरम आहे."

मी उपरणं खांद्यावर टाकलं, साखरेचं ताट उचललं आणि हात लांब केला.