‘सेव्ह होत नाही’ असं लिहिलेली कॅसेट

शनिवारी दुपारी जपानात, टोकियोला लागून असलेल्या सायतामातल्या एका हायवेलगतच्या ‘हार्ड ऑफ’मध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, जुने व्हिडिओ गेम शोधायला मी निळी प्लास्टिकची पेटी उपसत उकिडवी बसले होते, तेव्हा दादाचा पुण्याहून फोन आला. पुतणी अकरावीला गेलीय, तिला लॅपटॉप हवाय. नवा घ्यायचा तर ओढाताण होईल. ओळखीतून कळलेला एकजण दोन वर्षं वापरलेला लॅपटॉप निम्म्या किमतीत देतोय. त्यावरून घरात चार दिवस वाद चाललेला. आईचं म्हणणं, दुसऱ्याचं वापरलेलं पोरीच्या हातात कशाला, आणि चोरीचा निघाला तर पोलीस आपल्या दारात. वहिनीचं म्हणणं, वापरलेला असायला हरकत नाही, पण आत काय काय बदललंय ते कोण सांगणार? दादाला तर आधीच चटका बसलेला. मागे ‘एकदम ओरिजिनल’ म्हणून घेतलेल्या फोनची स्क्रीन आणि बॅटरी दोन्ही बदललेल्या निघाल्या, आणि विकणाऱ्याने नंतर फोनच उचलला नाही. सगळं सांगून झाल्यावर दादा म्हणाला, “तुझं बरंय बाई. जपानी माणूस मुळातच प्रामाणिक. आपल्याकडे हे कधी व्हायचं नाही.”

हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकतेय. सुट्टीला घरी गेले की ऐकते, टोकियोत मराठी मंडळींच्या गणपतीतही ऐकते. ते मला पटत नाही आणि त्याने आपलं नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं. का, ते त्या निळ्या पेटीपासूनच सांगते.

त्या पेटीला इथे ‘जंकु’ म्हणतात. मोडकी, अर्धवट, न तपासलेली वस्तू. परत घेणार नाही, हमी नाही, हे पेटीवरच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्या दिवशी मला गेमबॉयची, म्हणजे निन्तेन्दो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्राची, एक कॅसेट मिळाली, १९९६ साली फेब्रुवारीत आलेला पहिलावहिला पोकेमॉन, त्यातला ‘मिदोरी’, म्हणजे हिरवा. या रंगाची कॅसेट जपानबाहेर निघालीच नाही. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत कॅसेट आणि पिशवीवर छापील चिकटपट्टी : खेळ सुरू होतो. सेव्ह होत नाही. मागच्या बाजूला नाव लिहिलेलं आहे. ५५० येन. आपले साधारण सव्वातीनशे रुपये.

मागे खरोखरच नाव होतं. काळ्या मार्करने, लहान मुलाच्या अक्षरात, आडनाव आणि खाली ‘तिसरी, दुसरा वर्ग’. शाळेतल्या मित्रांत कॅसेटची देवाणघेवाण व्हायची, म्हणून आया नावं लिहायला लावत. दुकानदाराने ते नाव खरवडून काढलेलं नव्हतं. नाव आहे असं सांगितलं होतं आणि त्याबद्दल किंमत उतरवली होती. त्या मुलाचं वय आज चाळिशीच्या आसपास असेल. मी ती पिशवी बराच वेळ हातात धरून बसले.

इथे जुन्या खेळांची शिकार करायची म्हणजे मुख्यतः या चिठ्ठ्या वाचायला शिकायचं. ‘हाको-सेत्सु नाशी’ म्हणजे खोकं नाही, माहितीपुस्तिका नाही. ‘याके’ म्हणजे उन्हाने प्लास्टिक पिवळं पडलंय. सुपर फॅमिकॉम या निन्तेन्दोच्याच टीव्हीला जोडायच्या यंत्राच्या राखाडी डब्यांवर ही चिठ्ठी हमखास असते. ‘त्सूदेन काकुनिन’ म्हणजे फक्त वीज जोडून दिवा लागतो एवढं पाहिलंय, पुढचं तुमचं तुम्ही बघा. ‘दोसा काकुनिन-झुमी’ म्हणजे चालवून पाहिलंय. एकच यंत्र या चार चिठ्ठ्यांप्रमाणे चार किमतींना मिळतं. ज्याला सोल्डरिंग येतं तो दिवा लागणारं उचलतो, ज्याला घरी नेऊन लगेच खेळायचंय तो जास्त पैसे देऊन तपासलेलं नेतो. फसलं कोणीच नाही.

टोकियोतच अकिहाबारात ‘सुपर पोटॅटो’ आहे, नाकानोत ‘मांदाराके’ आहे. बघण्यासारखी दुकानं आहेत दोन्ही, पाहुणे आले की मी नेते. पण २०२२ च्या ऑक्टोबरात परदेशी प्रवाशांसाठी दारं पुन्हा उघडली, येन घसरलेला होता, आणि तेव्हापासून शहराच्या मध्यावर स्वस्त काही मिळणं अवघड झालंय. स्वस्ताई गावाबाहेर सरकली. टायरचं दुकान, रामेनचं दुकान, मग मोठ्या पार्किंगचं ‘हार्ड ऑफ’. ही साखळी १९९३ साली निइगातात सुरू झाली आणि अजूनही तिचा जीव अशा आडबाजूच्या दुकानांतच आहे.

मला हे वेड लागायचं कारण चिंचवडमधलं आहे. नव्वदच्या दशकात आमच्या टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम हा निन्तेन्दोच्या फॅमिकॉमची नक्कल होता, हे मला इथे आल्यावर कळलं. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला १४,८०० येनला बाजारात आला. आपल्याकडे आल्या त्या त्याच्या सावल्या. पण त्या पिवळ्या कॅसेटच्या पट्टीवर मूळ फॅमिकॉमसारख्याच साठ पिना असतात, म्हणून मी एकदा माळ्यावरची आमची जुनी कॅसेट इथे आणली आणि माझ्या लाल-पांढऱ्या फॅमिकॉममध्ये घातली. चालली! आणि आपण ‘कॅसेट’ म्हणायचो ना, ते इंग्रजी शिकलेल्यांना चुकीचं वाटायचं. जपानी पोरंही ‘कासेत्तो’च म्हणायची. चालली नाही की काढून तोंडाने फुंकर मारायची, हेही तसंच. थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात हे दोन्हीकडच्या पोरांना उशिरा कळलं. मी आता कापूस गुंडाळलेली काडी आणि अल्कोहोल वापरते.

पुढे मला जपानी ‘कॉन्ट्रा’ मिळाला. दादा आणि मी तो शेकडो वेळा खेळलोय, डोळे मिटून सांगेन कुठे कोण उडी मारतं. पहिल्या जंगलात शिरले आणि थबकले. मागची झाडं हलत होती. जपानी कॅसेटमध्ये एक वेगळी चिप होती, तिच्यामुळे झाडं हलायची, पुढे बर्फाच्या पातळीत बर्फ पडायचा, मधेमधे नकाशा दिसायचा. आपल्याला मिळालेल्या खेळात यातलं काहीच नव्हतं. मी व्हिडिओ काढून दादाला पाठवला. त्याने तो ऑफिसात तीनदा पाहिला म्हणे.

तर प्रामाणिकपणाबद्दल.

एकदा मी माझे जादा झालेले काही खेळ विकायला गेले. सगळे मिळून दोन हजार येनचे. काउंटरवरच्या मुलीने रहिवासी कार्ड मागितलं, नाव-पत्ता-व्यवसाय लिहून घेतला. मला वाटलं, मी परदेशी म्हणून. शेजारच्या जपानी आजोबांकडूनही तेच घेतलं जात होतं. मग मी कायदा वाचला. जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा कायदा इथे १९४९ सालचा आहे. हा धंदा करायला परवाना लागतो, त्याचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा लागतो, आणि कोणाकडून काय घेतलं त्याची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. दहा हजार येनच्या आतल्या खरेदीला ओळख पटवण्यातून सहसा सूट आहे. पण काही वस्तूंना ती सूट नाही, आणि त्यात पुस्तकं, सीडी यांच्याबरोबर व्हिडिओ गेमही आहेत. कारण दुकानातून उचलून लगेच विकायला याच वस्तू सोप्या. म्हणजे शंभर येनची कॅसेट विकायलाही ओळखपत्र. मुळात सगळेच प्रामाणिक असते तर हा नियम कोणाला सुचला असता?

अकिहाबाराचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांचे ठेले होते, काळ्या बाजाराचा मालही त्यात होता. त्याच १९४९ साली जपानचा ताबा घेतलेल्या परकी सैन्याच्या हुकमाने रस्त्यावरचे ठेले उठवायचं ठरलं. ठेलेवाल्यांनी एकत्र येऊन मागणी लावून धरली आणि त्यांना रेल्वेच्या पुलाखाली गाळे मिळाले. ते ‘रेडिओ सेंटर’ आजही तिथे आहे, हातभर रुंदीच्या गाळ्यांत रेझिस्टर विकतात. मला तिथे गेलं की पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आठवतो.

जुने खेळ विकण्याचा हक्कही सहज मिळालेला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी खेळ बनवणाऱ्या कंपन्या दुकानांविरुद्ध कोर्टात गेल्या. म्हणणं असं की खेळ हा कायद्याने चित्रपटासारखा, म्हणून आमच्या परवानगीशिवाय तो पुन्हा विकता येणार नाही. २५ एप्रिल २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : एकदा ग्राहकाला विकला की पुढच्या विक्रीवर कंपनीचा ताबा संपला. चारच वर्षांनी सरकारने आणखी एक पाचर मारली. सुरक्षेची नवी खूण नसलेली जुनी विजेची उपकरणं एप्रिल २००६ पासून दुकानांना विकता येणार नाहीत, असं जाहीर झालं. दुकानदार उठले, जुनी विजेची वाद्यंही त्यात अडकत होती म्हणून वादक उठले, संगीतकार रियुइची साकामोतो यांनी जाहीर विरोध केला, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. भांडून, कोर्टात जाऊन, नोंदवही ठेवायला लावून हे मिळालंय. रक्तातून आलेलं नाही.

आणि जिथे हे नियम सैल पडतात तिथे जपानी माणूसही आपल्यासारखाच वागतो. माणसाने माणसाला थेट विकायच्या ऑनलाइन बाजारात ‘तपासलेलं नाही’ असं लिहिलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा ‘तपासलं, चालत नाही’ असंच समजायचं, हे मला इथल्याच एका जुन्या खेळांच्या शौकिनाने सांगितलं. मी स्वतः दोनदा त्यात पोळलेय. एकदा तर कवच अस्सल आणि आतली पट्टी नकली.

दादाला मी एक गोष्ट मात्र ठासून सांगितली, जी पुण्यात राहून त्याला दिसत नाही. दुरुस्ती. निन्तेन्दोने फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉमची दुरुस्ती ऑक्टोबर २००७ मध्ये बंद केली, सुटे भाग मिळेनात म्हणून. त्यानंतर इथे बिघडलेलं यंत्र कुठे न्यायचं? ओळखीत कोणी हौशी असेल तर ठीक, नाहीतर जंकुच्या पेटीत. कोपऱ्यावरचा मिस्त्री ही गोष्ट माझ्या आजूबाजूला मला कुठे सापडलेली नाही. मिक्सर बिघडला तर इथे लोक नवा आणतात. आपल्याकडे अजून बुधवार पेठ आहे, लॅमिंग्टन रोड आहे, प्रत्येक उपनगरात मोबाईलची पाठ उघडून बसलेला एक पोरगा आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढलं, ते चांगलंच झालं. पण आपल्याकडे दुरुस्त करणारे हात आधीपासून आहेत. अडतंय ते त्या हातांनी काय केलं हे कागदावर येत नाही म्हणून.

म्हणून घरच्या वादात मी कोणाच्याच बाजूने बोलले नाही. आईची चोरीची भीती खरी आहे. फोनपुरतं सरकारच्या ‘संचार साथी’वर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून बघता येतं, लॅपटॉपला तशी सोय नाही. मग दादाला म्हटलं, विकणाऱ्याकडून मूळ बिलाची प्रत घे, त्याच्या ओळखपत्राची प्रत घे, यंत्राचा सिरियल नंबर लिहून दोघांनी सह्या करा. वहिनीचा प्रश्न तर सगळ्यांत नेमका आहे. काय बदललंय, काय चालत नाही, हे त्यालाच लिहून द्यायला सांग. दोष लिहिले म्हणून त्याचा माल पडून राहील असं त्याला वाटेल. त्याला सांग, दोष लिहिलेला लॅपटॉप मी घेईन, तोंडी ‘एकदम ओके’ असलेला घेणार नाही. आपण गिऱ्हाइकांनीच चिठ्ठी मागितली नाही तर कोणता दुकानदार लिहील? दादा म्हणाला, “तो हसेल मला.” हसू दे.

ती पोकेमॉनची कॅसेट मी दिवाळीत पुण्याला घेऊन गेले. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की सेव्ह होत नाही, एवढंच दुखणं होतं. पण ती बॅटरी टाके मारून बसवलेली असते आणि कॅसेटचा स्क्रू साध्या पान्याने उघडत नाही. पान्याचं टोक मी जपानहून नेलं होतं. पासोड्या विठोबाच्या जवळ एका जिन्याखाली एक काका बसतात, रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या काळापासून. त्यांनी भिंगातून कॅसेट पाहिली, मागचं नाव पाहिलं, म्हणाले, “हे कोणाचं?” मी म्हटलं, “जपानमधल्या तिसरीतल्या एका मुलाचं.” त्यांनी नावाला धक्का लागू नये म्हणून मागच्या बाजूला कागदी टेप लावली, मग उघडली. पंधरा मिनिटांत नवी बॅटरी बसवली. आम्ही गेमबॉयमध्ये घालून सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा लावलं. खेळ होता तिथे होता.

मी म्हटलं, “काका, काय केलंत ते एका कागदावर लिहून द्याल?”

“पैसे दिले ना ताई, पावती कशाला?”

“पुढे कोणाला विकली तर त्याला कळायला हवं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीचं अर्धं पान फाडलं आणि निळ्या पेनने सावकाश लिहिलं : बॅटरी बदलली. सेव्ह होते. आवाजाचं बटण खरखरतं, ते गेमबॉयचं आहे, कॅसेटचं नाही. खाली तारीख घातली आणि सही केली.