धरणाला नकार दिल्यानंतरची बारा वर्षे

सांगलीत कृष्णेला पूर आला की आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेले याची चौकशी आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणातून किती विसर्ग सुरू आहे याचा वाद बरोबरच सुरू होतो. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला त्या पुराचे कारण मानले नाही, तरी वाद शमला नाही. आणि कर्नाटक सरकार या धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेऊ पाहत असल्याने तो इतक्यात शमेल असेही नाही. मी मूळचा सांगलीचा आणि आता नोकरीनिमित्त दक्षिण जपानमधील कुमामोतोत राहणारा. हा वाद इथून ऐकताना मला याच प्रांतातील हितोयोशी हे छोटे शहर सारखे आठवत राहते.

चहूबाजूंनी डोंगर, मध्ये भातशेतीची खोलगट सपाटी आणि तीतून वाहणारी कुमा नदी, अशी हितोयोशीची रचना आहे. लोकसंख्या जेमतेम तीस हजारांच्या आसपास. सागारा घराण्याने इथे सुमारे सातशे वर्षे राज्य केले, त्यांच्या किल्ल्याचे दगडी तट आजही नदीकाठी उभे आहेत, आणि इ. स. ८०६ मध्ये स्थापन झाल्याचे सांगितले जाणारे आओइ आसो हे गवताने शाकारलेल्या छपराचे देवस्थान राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेले आहे. या खोऱ्यातील तांदळाची दारू देशभर प्रसिद्ध आहे (आमचे कचेरीतले सहकारी हितोयोशीचे नाव निघताच आधी तिचाच विषय काढतात), आणि थंडीच्या दिवसांत सकाळी धुक्यामुळे समोरचा पूल दिसत नाही. हे सारे ज्या भूरचनेने दिले, तिनेच पूरही दिला. भोवतालच्या डोंगरांवरचा पाऊस एकाच सपाटीत उतरतो, कावाबे ही सर्वांत मोठी उपनदी शहराच्या थोडी वर कुमाला मिळते, आणि शहराच्या खाली नदी अरुंद घळीत शिरत असल्यामुळे न्हाणीची मोरी तुंबावी तसे पाणी मागे चढते.

साठच्या दशकात लागोपाठ पूर आल्यावर केंद्र सरकारने १९६६ मध्ये कावाबे नदीवर धरणाची योजना जाहीर केली. त्यात इत्सुकी गावाचा मध्यवर्ती भाग बुडणार होता. गावाने आधी कडवा विरोध केला, पुढे नाइलाजाने संमती दिली, आणि लोक वरच्या अंगाला किंवा गाव सोडून गेले. विरोध मग खालच्या शहरातून उभा राहिला. कुमाच्या वरच्या अंगाला १९६० मध्ये इचिफुसा धरण झाले होते आणि १९६५ चा पूर त्यातून सोडलेल्या पाण्यामुळेच वाढला, अशी हितोयोशीतील अनेकांची ठाम समजूत होती. सरकारने ती कधीच मान्य केली नाही. हे वाचताना सांगलीकराला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे २००१ मध्ये मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने नुकसानभरपाई नाकारली, २००३ मध्ये शेतकऱ्यांनी सिंचन योजनेविरुद्धचा खटला फुकुओकाच्या उच्च न्यायालयात जिंकला, आणि याच काळात प्रांताच्या गव्हर्नर योशिको शिओतानी यांच्या पुढाकाराने जाहीर चर्चासभा भरल्या. त्यांत केंद्रीय मंत्रालयाचे अभियंते एका बाजूला आणि धरणविरोधक दुसऱ्या बाजूला बसून, हजारो लोकांसमोर, पुराच्या वेळी किती घनमीटर पाणी येईल यावर आकडे मांडून भांडले. अखेर २००८ मध्ये गव्हर्नर इकुओ काबाशिमा यांनी धरणाला नकार दिला आणि पुढच्याच वर्षी केंद्रानेही योजना थांबवण्याचा निर्णय घेतला.

आपल्याकडे ही कहाणी कोणी सांगितलीच, तर ती इथेच संपवली जाते. मला त्यापुढची बारा वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. धरणाशिवाय पूर कसा रोखायचा यावर केंद्र, प्रांत आणि नदीकाठच्या गावांचे प्रमुख यांच्या बैठका होत राहिल्या. पात्र खोल करणे, बांध मागे सरकवणे, शेतात पाणी साठवणे, असे पर्याय मांडले गेले. पण कुठे खर्च अवाढव्य, कुठे लोकांची जमीन जाणार, आणि या पर्यायांच्या काही जुळण्यांना तर शंभराहून अधिक वर्षे लागणार, असा हिशेब निघाला. एकाही पर्यायावर एकमत झाले नाही. ४ जुलै २०२० च्या पहाटे कुमाला आलेल्या पुराने १९६५ ची खूण मागे टाकली. खोऱ्यात पन्नास माणसे गेली, त्यांपैकी वीस हितोयोशीत आणि चौदा शेजारच्या कुमा गावातील एका वृद्धाश्रमात. नदीवरचे पूल आणि रेल्वेमार्ग वाहून गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काबाशिमांनी आपली भूमिका बदलली. आता तळाशी मोकळी वाट ठेवलेले, एरवी नदी वाहू देणारे आणि पुरातच पाणी अडवणारे १०७.५ मीटर उंचीचे धरण २०३५ पर्यंत पुरे करण्याचे ठरले आहे. धरण असते तर हितोयोशीतील बुडालेले क्षेत्र सुमारे साठ टक्क्यांनी घटले असते, असा मंत्रालयाचा अंदाज आहे. म्हणजे पूर टळला नसताच. विरोधकांनी घरोघर साक्षी गोळा करून, अनेक ठिकाणी आधी पाणी आले ते शहरातल्या लहान ओढ्यांतून, असे दाखवून दिले आहे. त्यांचे म्हणणे मला गंभीर वाटते. पण नकारानंतर ओढ्यांचे आणि बांधांचे जे काम व्हायला हवे होते, ते झाले नाही, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

जपानने पूर जिंकला असे समजून इथली उदाहरणे देणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांशी म्हणूनच माझे जमत नाही. इथून घेण्यासारखे काही असेल, तर त्या चर्चासभा. अलमट्टीची उंची वाढू नये, हे माझेही मत आहे. मात्र ती न वाढताही २०१९ इतका पाऊस पुन्हा पडला तर शामरावनगरात किती पाणी चढेल, निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत गेल्या काही वर्षांत किती बांधकामांना परवानगी मिळाली, आणि नदीपात्रातील ज्या अतिक्रमणांवर वडनेरे समितीने बोट ठेवले त्यांतली किती हटली, याची उत्तरे जलसंपदा खात्याच्या अभियंत्यांनी आणि महापालिकेने सांगलीकरांसमोर, आकडे घेऊन, उलटतपासणीला तयार राहून द्यावीत. तशी सभा भरवायला कर्नाटकाच्या संमतीची गरज नाही.