‘एकत्र शिकून कुठे शांतता येते?’ या मेसेजला उत्तर

नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. सार असं: वैरी शेजाऱ्यांच्या मुलांना एकत्र शिकवलं की शांतता येते, हे सेमिनारवाल्यांचं खूळ. माणेकशा आणि पाकिस्तानचे जनरल मुसा एकाच बॅचचे, तिथले लष्करशहा झिया दिल्लीत शिकलेले, काय उपयोग झाला? युरोपात शांतता नाटोने, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीने आणली. वर आपल्या पोरांच्या जागा जातात, आपला कर जातो आणि हेर घरात येतात ते वेगळंच.

माणेकशांची गोष्ट खरी आहे. डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीच्या १९३२ च्या पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा होते, मोहम्मद मुसा होते आणि पुढे ब्रह्मदेशाचे सेनापती झालेले स्मिथ डनही होते. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी लष्कराचे प्रमुख हेच मुसा. झियाही दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजचे. पण सालं पाहा ना बाप्पा! तेव्हा पाकिस्तान होतं कुठे? एकाच साम्राज्याची ही पोरं. देश नंतर फाटला. दोन वैरी देशांची मुलं एकत्र शिकली तर काय होतं, याचा हा पुरावाच नव्हे. वर्गातली ओळख युद्धाचा हुकूम अडवत नाही, एवढं मात्र यातून दिसतं आणि ते मला मान्य आहे. एकत्र शिक्षणाचं काम वेगळं आहे: राजकारण्यांनी दार किलकिलं केलं, तर त्यातून ये-जा करणारी माणसं आधीपासून तयार असावी लागतात.

नाटोचा मुद्दा ऐकायला भारदस्त, पण ग्रीस आणि तुर्कस्तान १९५२ पासून नाटोतच आहेत. तरी १९७४ मध्ये सायप्रसवरून दोघं युद्धाच्या तोंडाशी आले. लष्करी छत्री होती, मनं जुळली नव्हती. फ्रान्स-जर्मनीने दुसरी वाट धरली. १९६३ च्या एलिझे करारात परराष्ट्र धोरण आणि संरक्षण यांच्या बरोबरीने तिसरा विभाग शिक्षण आणि तरुणांचा होता. त्याच वर्षी दोघांचं संयुक्त युवा कार्यालय निघालं आणि पुढे दोन्ही देशांच्या पदव्या मिळवून देणारं फ्रेंच-जर्मन विद्यापीठही आलं. हा करार करणारे फ्रान्सचे द गॉल आणि जर्मनीचे आडेनाउअर काही भाबडे नव्हते. नाटो, कोळसा-पोलाद संघ हे सगळं हवंच होतं. पण तेवढ्यावर भागेल असं त्या दोघांना वाटलं नाही.

आणखी कठीण उदाहरण जॉर्डनमधलं. तिथल्या ‘सेसमी’ या प्रयोगशाळेचे सदस्य कोण? इराण, इस्रायल, पॅलेस्टाइन, पाकिस्तान! तिच्याशी जोडलेल्या दोन इराणी शास्त्रज्ञांची २०१० मध्ये हत्या झाली. तरी २०१७ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिने त्या भागात शांतता आणली का? नाही आणली. पण त्या देशांचे संशोधक एकाच यंत्रावर काम करतील अशी जागा तर उभी राहिली.

आपल्याकडे हा प्रयोग फसला म्हणायला तो नीट झाला कुठे? सार्क या दक्षिण आशियाई संघटनेच्या आठ देशांची मिळून एक साउथ एशियन युनिव्हर्सिटी, तीही २०१० मध्ये सुरू झालेली. तिच्या बांधकामाचा भार भारताने उचलला, म्हणजे कराचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण रणगाड्यांच्या खर्चावर असा मेसेज कधी फिरलेला दिसत नाही.

जागांचं म्हणाल तर आपल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत ‘डासा’ या थेट प्रवेशाच्या योजनेतून येणाऱ्या विदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मंजूर संख्येच्या वर असतात. आपल्या पोरांच्या तेवढ्याच राहतात. विषय संपला.

राहिली हेरांची भीती. तपासणी कडक असावी, त्याला कोणाची ना आहे? पण पाकिस्तानपुरतं बोलायचं तर दार आधीच बंद आहे. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च शिक्षणाच्या नियामक संस्थांनी जाहीर केलं की भारतीयांनी तिथे जाऊन घेतलेली पदवी इथे नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला चालणार नाही. अपवाद फक्त तिकडून येऊन भारताचं नागरिकत्व मिळवलेल्यांचा. जरीपटक्यात सिंधमधून आलेली कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या कोणाकडे तिथली पदवी असेल, तर इथे नोकरी मागण्याआधी नागरिकत्व हवं आणि वर गृहमंत्रालयाची मंजुरीही.