आशा आहे, पण सीएचबीवर

रविवारी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या टपरीवर मास्तर अर्धा तास उशिरा आला. हातात पिशवीभर पोरांची फिल्डवर्कची जर्नलं, तोंड उतरलेलं. मास्तर म्हणजे आमच्यातला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री झालेला. एका समाजकार्य महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो; नोकरी कायम नाही, जेवढे तास तेवढे पैसे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच त्याचे आहेत ते तासही जायचे.

"काय बे, झाली का मीटिंग?" बँकवाल्यानं विचारलं.

"झाली. साहेब म्हणाले, वर्ष कठीण गेलं, पण आशा आहे."

"परमनंट आहे का सीएचबीवर?" वकिलानं विचारलं. टपरीवरची मावशीसुद्धा हसली.

वर्ष खरंच वाईट गेलं होतं. निम्म्या जागा रिकाम्या. ज्या संस्थेत पोरं फिल्डवर्कला जायची, तिचा प्रकल्पच बंद पडला. सीएचबीवाल्यांचे पैसे चार महिने थकलेले. त्यात समाजकार्य महाविद्यालयं उच्च शिक्षण खात्याकडं नाहीत, सामाजिक न्याय विभागाकडं. त्यामुळं तक्रार घेऊन कुठल्या दारात बसायचं, इथूनच सुरुवात.

"मग बंद करा की," बँकवाला म्हणाला. "दोन वर्षं एमएसडब्ल्यू करून करतात काय? समाजसेवा करायला डिग्री कशाला? आमच्या गल्लीत पाच समाजसेवक आहेत. पाचांचेही फ्लेक्स लागलेत."

मास्तर चिडला. हौसेची समाजसेवा आणि शिकून करायचं समाजकार्य यातला फरक तो आम्हाला दहा वर्षं सांगतोय आणि आम्ही दहा वर्षं मुद्दाम विसरतोय.

वकिलानं आणखी तेल ओतलं. "मला काळा कोट घालायचा तर बार कौन्सिलची सनद लागते. तुमच्याकडं आहे का असं काही?"

"नाही," मास्तरनं सरळ कबूल केलं. "समाजकार्याचा परवाना देणारी वैधानिक परिषदच देशात नाही. म्हणून तर फ्लेक्सवाले आणि आम्ही एकाच रांगेत."

वकील थांबेना. "तुझं कॉलेज सोड. मुंबईच्या टिसचं, टाटा समाजविज्ञान संस्थेचं काय झालं? जून २०२४ मध्ये शंभरावर लोकांना नोटिसा दिल्या होत्या ना, करार वाढवणार नाही म्हणून?"

"दोन दिवसांत मागं घेतल्या. टाटा एज्युकेशन ट्रस्टकडून पगाराच्या पैशाचं आश्वासन आल्यावर."

"म्हणजे १९३६ सालची, देशातली पहिली समाजकार्याची शाळा. तिथली माणसंसुद्धा ट्रस्टच्या पैशावर लटकलेली. आणि तुझे साहेब म्हणतात आशा आहे."

इथं मला वाटलं, मास्तर गप्प बसणार. पण त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"१९८४ साली त्याच टिसनं मुंबई पोलिसांबरोबर एक कक्ष सुरू केला. मार खाल्लेली बाई पोलिसांकडं आली की तिच्याशी बोलायला तिथंच एक शिकलेली समाजकार्यकर्ती. लोक म्हणाले असतील, पोलिसांत हिचं काय काम? आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात असे कक्ष आहेत, सरकार चालवतंय. अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन नंबर घे. १९९६ मध्ये तोही टिसचाच एक प्रकल्प होता."

"आणि २०२३ मध्ये सरकारनं काढून घेतला," वकील म्हणाला. "वर्षानुवर्षं फोन उचलणाऱ्या संस्था बाजूला झाल्या. हा विजय की पराभव, ते आधी ठरव."

यावर मात्र बराच वेळ जुंपली. वकिलाचं म्हणणं, सरकारनं घेतलं की काम फायलीत जातं. मास्तरचं म्हणणं, कायम संस्थेनंच करत बसायचं असेल तर ती जहागिरी झाली. नंबर चालू आहे ना, रात्री दोनला पोरगं फोन लावू शकतं ना? फोन उचलणारं माणूस कसं बोलतं यावर सगळं आहे, असं वकील. तेच तर आम्ही शिकवतो, असं मास्तर. माझं मत वकिलाच्या बाजूनं झुकत होतं, पण बोललो नाही. चहा मास्तरच्या खात्यावर होता.

बँकवाल्यानं तेवढ्यात पिशवीतलं एक जर्नल काढलं. "बघू काय शिकवतोस." पहिल्या वर्षाच्या पोरीचं. प्रकल्प बंद पडल्यावर मास्तरनं तिला विडी कामगारांच्या वस्तीत पाठवलेलं. तो मोठ्यानं वाचायला लागला.

"'तिसरी भेट. बायका तेलुगूत बोलतात, मला फारसं कळत नाही. आज काही काम झालं नाही. पद्माक्कांच्या शेजारी बसून पानं कापली. पानं ओली होती, दोन-तीन फाटली, तेव्हा त्या हसल्या.' झालं! हे दोन वर्षांचं शिक्षण! सरांनीपण लाल पेनानं लिहिलंय, 'भेटीचा उद्देश?'"

मास्तर ओशाळला. "घाईत तपासलं रे."

"दावा इकडं," मावशी म्हणाली. तिला वाचता येत नाही, पण वही हातात घेतली. टपरी टाकायच्या आधी तिनं वीस वर्षं विड्या वळल्यात. "ओली होती असं लिवलंय?"

"हो."

"पानं रातभर भिजवून ठेवतात. वाळलं पान कात्रीला चुरतं. आन् मापाचा फर्मा ठेवून कापताना नवीन माणसाचं फाटतंच." तिनं वही परत दिली. "कंपनीत खराब म्हणून बाजूला काढल्या की त्या विड्यांचे पैसे बुडतात. पान पण मोजून मिळतं. दोन-तीन पानं फाडू दिली म्हणजे त्या बाईनं हिला बसवून घेतलंय. आमी तर पाहुण्यांना हात लावू द्यायचो नाही."

कुणी काही बोललं नाही. मास्तरनं खिशातून पेन काढलं, बाकावर वही टेकवून 'उद्देश?' वर रेघ मारली आणि बाजूला काहीतरी लिहायला लागला.

"किती मार्क देणार?" बँकवाला डोकावला.

"तू चहाचे पैसे दे आज."